तुझं ‘बरोबर’ राहिलंय

भाऊ, तू गेलास आणि लगेच पुरावा झालास.

जन्मभर दुसऱ्यांच्या बोलण्यातली भोकं दाखवत फिरलास. धुळ्याच्या कॉलेजात अकरावी-बारावीच्या पोरांना तर्कशास्त्र शिकवून शिकवून घसा बसवून घेतलास. आणि शेवटी काय, तर तुझ्याच अंगणात, तुझ्या शरदच्या लग्नाच्या मांडवाखाली बसून लोक तुझं मरण पुढे करून निष्कर्ष काढत होते. सून आली, सासरा गेला. झालं सिद्ध. मी तुझी सख्खी धाकटी बहीण, जळगावहून मिळेल त्या एसटीने आलेली, तुझं तोंडही मला नीट बघायला मिळालं नाही, आणि हे मात्र ऐकावं लागलं. मला राग आला, भाऊ. लोकांचा आलाच, पण तुझा आधी आला.

मांडव अजून काढला नव्हता. फाल्गुनातल्या लग्नाला महिनाही व्हायचा होता. उन्हाळा तोंडावर आलाय, तेवढीच सावली राहील, असं वहिनीच म्हणाली होती म्हणे. डहाळ्या वाळून गेल्या होत्या, वारा आला की पानं खाली बसलेल्यांच्या डोक्यावर पडायची. ज्या सतरंजीवर व्याही बसले होते तीच सतरंजी, तिच्यावर आता भेटायला येणारी माणसं. मधल्या खांबाला टेकून आबा बसलेले. आपले चुलते, पारोळ्याजवळच्या गावाहून आलेले, आपल्या घरातलं आता उरलेलं एकच वडीलधारं माणूस. तुझ्यासाठी सगळ्यात मोठ्याने तेच रडले, हेही खरं. पण रडून झाल्यावर त्यांनी उपरण्याने नाक पुसलं आणि म्हणाले, “ती घरमा उनी, नि मन्हा पोऱ्या गया. पोरना पायच वाईट शे.”

आत मोरीत छाया भांडी घासत होती. तुझी सून, शिरपूरकडची पोर, हातावरची मेंदी पुरती उतरलेली नाही. भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळाने परत सुरू झाला. मांडवातल्या एकाही माणसाने मान वर करून आबांकडे पाहिलं नाही, सगळे माना डोलावत होते. मला तेव्हा कुत्र्याची गिरणी आठवली.

तुला आठवतं ना? आपले बाबा गिरणीत कामाला होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्यांचा काळा कुत्रा रोज सकाळी तोंड वर करून रडायचा आणि मग गिरणीचा भोंगा वाजायचा. मी लहान होते. माझी खात्री होती की कुत्राच गिरणी चालू करतो. एकदा तुला विचारलं, कुत्रा मेला तर बाबांना सुट्टी मिळेल का. तू हसला नाहीस. म्हणालास, थांब, बघू. पुढे तो कुत्रा खरंच मेला, आणि दुसऱ्या दिवशी भोंगा वाजलाच. बाबा डबा घेऊन निघाले आणि मी भोकाड पसरलं. तू मला कडेवर घेऊन म्हणालास, “मालू, आधी झालं म्हणून त्याच्यामुळे झालं असं नसतं.” पुढे तू मोठ्या पुस्तकांतून याचं भारदस्त नाव शिकलास, वर्गात तेच फळ्यावर लिहीत असशील. पण आपल्या दोघांत ती कायम कुत्र्याची गिरणीच राहिली.

मग तर तुला तो चाळाच लागला. माणसं जिथे जिथे बोलताना घसरतात तिथे तिथे तू पाटी लावलीस. म्हणणं सोडून म्हणणाऱ्याची लायकी काढली की ‘तोंड बघून’. सगळेच करतात म्हणून चालतं, याला तू आबांच्याच अहिराणीत ‘बठ्ठा’, म्हणजे ‘सगळे’, म्हणायचास. आणि तंबाखूवर, मोटारसायकलवर, डॉक्टरवर बोलणं निघालं की कोणीतरी सुरू होतंच, “आमचे एक आजोबा होते, जन्मभर तंबाखू खाल्ली, काही झालं नाही...” त्याचं नाव ‘एक आजोबा’. दोघांपैकी एकाने दुसऱ्याला पकडलं की ओरडायचं, “धरलं!” आणि धरलेल्याने लगेच ‘बरोबर’ म्हणायचं. सबब सांगायची नाही, विषय बदलायचा नाही, नुसतं ‘बरोबर’. हा तुझाच नियम. सुरुवातीला मीच म्हणायचे, नंतर नंतर तूही म्हणू लागलास, आणि तुझ्या तोंडून तो शब्द काढताना मला जो आनंद व्हायचा तो सोन्याच्या पाटल्या मिळूनही झाला नसता.

तुझ्याबरोबर धुळे गाडीत बसायचं म्हणजे मला लाज वाटायची, ते वेगळं. एकदा एरंडोलच्या पुढे एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते, या रस्त्याने लोक वर्षानुवर्षं टपावर बसून जातात, आजवर पडलो असं सांगणारा एक माणूस भेटला नाही. तू भुईमुगाची शेंग फोडता फोडता म्हणालास, “काका, पडलेला सांगायला येत नाही.” गृहस्थ पारोळ्यापर्यंत तुझ्याकडे रागाने बघत होते. तुला त्याचं काही नव्हतं. तू मला शेंगा पुढे करत राहिलास.

आणि तरी माझं घर तुझ्या या सवयीमुळेच टिकलं, ते मी विसरलेले नाही. मला मूल होईना तेव्हा माझ्या सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं की मी कचेरीत जाते म्हणून होत नाही. नोकरी सोडायचं जवळजवळ नक्की झालं होतं. तू जळगावला आलास, चहा घेतलास, आणि अगदी नम्रपणे विचारलंस, “मावशी, तुमच्या समोरची बाई रोज कापूस वेचायला जाते, तिला सहा पोरं कशी?”  सासूबाईंना पटलं असं मला आजही वाटत नाही. पण त्या गप्प बसल्या आणि माझी नोकरी राहिली. त्या दिवशी तुला जिन्यापर्यंत सोडायला आले तेव्हा मला तुझ्या पाया पडावंसं वाटलं होतं. पडले नाही, कारण तू हसला असतास.

आपला खरा वाद इथेच होता, आणि तो अर्धाच राहिला. मी म्हणायचे, चूक दाखवल्याने माणूस गप्प बसतो, त्याचं मत काही बदलत नाही. माझा दाखला म्हणजे तुझीच बायको. वहिनीने लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत तुझ्याशी वाद घालणं सोडून दिलं. तू काही म्हणालास की ती नुसता होकार द्यायची, “व्हई,” आणि भाकरी थापायला लागायची. मी तुला म्हणाले, बघ, ही तुझी जीत. तू कळण्याची भाकरी ठेच्यात बुडवत म्हणालास, “मत बदलणं माझं काम नाही. चुकीचं बोलणारा गप्प बसला की दुसऱ्या कुणाला तरी बोलायला जागा होते. तेवढं पुष्कळ आहे.” मी म्हणाले, “कोण बोलतं त्या जागेत? परत तूच बोलतोस!” वहिनी तव्याकडे बघून हसली होती. तू ताकाचा पेला तोंडाला लावलास.

आता माझ्या रागाच्या खऱ्या कारणाकडे येते.

गेल्या भाऊबीजेला तू जळगावला आला होतास. दुसऱ्या दिवशी मी तुला स्टँडवर सोडायला निघाले. थंडी पडू लागली होती, आणि तुझ्या कपाळावर घाम होता. केळ्यांच्या हातगाडीपाशी तू थांबलास, गाडीची कड धरलीस, डावा हात चोळायला लागलास. केळीवाला म्हणाला, “मास्तर, बसा जरा.” मी विचारलं तेव्हा म्हणालास, होतं असं कधी कधी, जिना चढलो की होतं. मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल. त्यावर तू काय म्हणालास? तू, तर्कशास्त्राचा मास्तर? “बाबांना पण छातीत कळ यायची. ओवा चावायचे. ऐंशी वर्षं जगले.”

मी भर रस्त्यात ओरडले, “धरलं! एक आजोबा!”

तू ‘बरोबर’ म्हणाला नाहीस. हसलास. म्हणालास, “तू आधी स्वतःचा चष्मा बदल, मग मला डॉक्टर सांग.” म्हणजे ‘तोंड बघून’, तेही लगोलग. मग शरदचं लग्न जमू दे, ते उरकलं की मी आपणहून जातो, असं आश्वासन. आणि वर शपथ. “काल ओवाळलंस ना मला? मग तुझ्या वहिनीला यातलं काही सांगायचं नाही. ती रडून घर डोक्यावर घेईल.” गाडी लागली, तू खिडकीत बसलास, हात हलवलास. शरदला तेव्हा मुलगी बघायलाही सुरुवात झाली नव्हती. छायाचं नावसुद्धा आपल्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण सगळं प्रकरण एवढ्यावरच उभं आहे.

तुझं तेरावं झालं आणि त्याच दुपारी मांडवात बोलणं निघालं. आबांनी ठरवूनच आणलं होतं. “आखाजीले पोरले माहेर धाडी देवो,” ते म्हणाले. “मंग दखूत.”

आखाजीला माहेरी धाडणं यात वाईट ते काय, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आपल्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा सासुरवाशिणींचा सण, त्या माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. पण जाणारीला परत आणायला माणूस पाठवायचा असतो. ‘मंग दखूत’, मग बघू, म्हणजे तो माणूस पाठवायचा नाही. भांडण नाही, काडीमोड नाही, चार माणसांत वाच्यता नाही. सणाला गेलेली पोर माहेरच्या ओट्यावर वाट बघत बसणार आणि वर्ष निघून जाणार. अशा दोन बायका मी स्वतः पाहिल्या आहेत. तूही पाहिल्या होत्यास.

शरद तिथेच बसला होता. तुझा मुलगा, तुझ्या हाताखाली वाढलेला. काडीने जमिनीवर रेघा ओढत होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, तुला काही बोलायचं नाही का? म्हणाला, “आत्या, सगळेच म्हणतायत. थोडे दिवस जाऊ देत, शांत होईल सगळं.” ‘बठ्ठा’. तुझ्या पोटच्या पोराच्या तोंडून. मी त्याच्या थोबाडीत मारली नाही, याचं श्रेय मला द्यायला हवं.

मग मी आत मोरीपाशी गेले. छायाला म्हणाले, तू तरी काही बोल, तू मुकी आहेस का? ती राखेचे हात तसेच धरून उभी राहिली. तुला ती नाना म्हणते. म्हणाली, “आत्याबाई, मी आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी नाना जिन्यात मधेच बसले होते. घामाने सदरा भिजला होता. मी पाणी नेऊन दिलं. मला म्हणाले, हे जुनंच आहे पोरी, कोणाला सांगू नकोस.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“नको म्हणाले होते ना ते.”

भाऊ, त्या क्षणी तू समोर असतास तर मी तुझी गचांडी धरली असती. तू तिलाही बांधून घातलंस! महिनाभरसुद्धा न झालेली सून, दारात तिच्या पायाला नावं ठेवत आहेत, तिला वाचवणारी एकच गोष्ट तिला ठाऊक आहे, आणि ती गोष्ट ती पोर मेलेल्या सासऱ्याला दिलेल्या शब्दापायी पोटात ठेवून भांडी घासते आहे. वर्गात तू काय शिकवायचास? जे विधान लपवून ठेवलंय ते आधी बाहेर काढा, मग निष्कर्षाकडे बघा. आणि स्वतःच्या घरात? दोन बायकांच्या तोंडाला कुलूप लावलंस आणि आरशासमोर, दाढीचा साबण गालावर असतानाच, कायमचा निघून गेलास. तुला वाटलं असेल की न बोलल्याने कुणाचं काही जात नाही. छायाचं सगळं आयुष्य जात होतं.

मी बाहेर आले. पदर खोचला. 

“आबा,” मी म्हणाले, “भाऊनं दुखनं जुनं शे. भाऊबीजले जळगावले तो मन्हासमोर घामाघूम व्हयना व्हता. तवय हाई पोर कोठे व्हती?”

आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. “तुले पोर नही, सून नही. तुले काय समजस?”

मांडवात कुणीतरी खोकलं. मला ते लागलं, भाऊ, नाही कशाला म्हणू. पण लागता लागताच माझ्या डोक्यात तुझा आवाज म्हणाला, तोंड बघून. आणि मी उभी राहू शकले. मी म्हणाले, मी वांझ असेन आबा, पण म्हणून कार्तिक महिना फाल्गुनानंतर येत नाही.

“बठ्ठा गाव म्हनी ऱ्हायना...”

“गाव तिथे नव्हता. मी होते.”

“पोरना पाय नही, मंग काय देवनं चुकनं?”

दोनच दारं, बघ. एक पोरीवर उघडतं, दुसरं देवावर. मी म्हणाले, ना पोरीचं चुकलं ना देवाचं. तुमच्या पुतण्याचं चुकलं. त्याला दुखत होतं आणि तो डॉक्टरकडे गेला नाही. त्याने मला शपथ घातली होती, ती मी आत्ता तुमच्यासमोर मोडते आहे. या पोरीलाही घातली होती. ती बिचारी अजून पाळते आहे.

आबा गप्प बसले. त्यांना पटलं नव्हतं, त्यांच्या जबड्यावरूनच कळत होतं. म्हातारा माणूस, ज्याला अंगाखांद्यावर खेळवलं त्याला पोचवून आलेला, त्याला कुणावर तरी राग काढायचा होता आणि मी तो काढू दिला नव्हता.  मला वाटलं, झालं, आता सगळे उठतील आणि आखाजीला जे व्हायचं तेच होईल.

तेवढ्यात दाराच्या चौकटीतून वहिनी म्हणाली, “भाऊबीजले?”

मी वळले. ती कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. पांढरं कपाळ बघवत नव्हतं.

“मले नही सांगं त्यासनी,” ती म्हणाली. एवढंच. तिच्या जन्माची सोबत, आणि तुझं दुखणं तिला अंगणात परक्यांसमोर कळलं. त्याचं उत्तर तुझ्यापाशी होतं का, भाऊ? तिला रडू द्यायचं होतंस. घर डोक्यावर घेऊ द्यायचं होतंस. तिने रडून रडून तुला दवाखान्यात नेलं असतं.

मग तिने डोळे पुसले आणि जी माझी वहिनी तुझ्या हयातीत ‘व्हई’च्या पलीकडे गेली नाही, ती सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “आबा, यंदा आखाजीले छाया माहेर जावाव नही. त्यासनी घागर तीच भरी. मंग चार दिन माहेर जाई, नि शरद सोता तिले लेवाले जाई.”

शरदने हातातली काडी टाकली. “हो,” म्हणाला. तेवढं तरी म्हणाला.

म्हणजे तुझ्या नावाची घागर छाया भरणार, आणि मग माहेराहून तिला आणायला शरद स्वतः जाणार. आखाजीला घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने थंड पाण्याची घागर भरतात, वर खरबूज नि आंबा ठेवतात, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. ती घागर जिच्या हातची चालते, तिच्या पायाला नावं ठेवायची सोय राहत नाही. ही वहिनीची युक्ती होती, तुझी नव्हे. तुला ती सुचलीच नसती. मेलेल्या माणसाला तहान लागते याला प्रमाण काय, हेच तू विचारत बसला असतास. यंदा विचारू नकोस. छाया भरेल ते पाणी गुमान पी.

आखाजी अजून यायची आहे. मी जळगावला परत आलेय, कचेरीत जाते, चष्मा बदलून घेतलाय. परवा स्टँडवरून जाताना तो केळीवाला दिसला, त्याने विचारलं, मास्तर बरे आहेत ना. मी हो म्हणून पुढे निघून आले.

आपला वाद मी हरले, भाऊ. चुकीचं बोलणारा गप्प बसला आणि त्या जागेत खरंच दुसरं कुणीतरी बोललं, आणि ते माणूस तुझ्याच घरात इतकी वर्षं तव्यासमोर बसलेलं होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, माझ्या कानांनी ऐकलं. नियम म्हणजे नियम. सबब नाही, विषय बदलणं नाही. बरोबर.

मी माझं म्हटलं. केळ्यांच्या गाडीपाशी मी तुला धरलं होतं, तुझं अजून राहिलंय.